तालीम

मोबाइलमधलं वॉलेट पुसून टाकत भाची म्हणाली, "उद्या मोबाइल हरवला तर काय, त्याची ही तालीम. कागदावरचे बारा शब्द क्रमाने भर, मावशी. तुझं बिटकॉइन परत येईल. कागद कोणी पाहिला नाही ना?"

"कोण पाहणार? एकटीच तर असते," म्हणत इंदुमतीने देव्हाऱ्याखालची घडी उलगडली आणि थबकली. आठव्या-नवव्या शब्दांमधून लाल शाईची ओलसर, नागमोडी रेघ गेली होती. शब्दांची अदलाबदल करा, अशी छापखान्यातली खूण.

तिने लिहिल्याप्रमाणे शब्द भरले, वॉलेट उघडेना. खुणेप्रमाणे भरले, उघडलं.

भाचीचा आवाज उतरला. "कोणीतरी वाचलेत हे. वॉलेट नवं, शब्दही नवे घेऊ."

इंदुमतीने नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्याने मुद्रितंच तपासली होती.

"नवे लिहिले, तरी हे तपासणारच."