मोफत सॉफ्टवेअर

पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणारी वृंदा चाळिशीत कोडिंग शिकत होती. जेवणाच्या सुट्टीत तिने क्लासने सांगितलेलं सोडून जाहिरातीतलं, सोपं वाटणारं मोफत सॉफ्टवेअर लॅबच्याच कॉम्प्युटरवर उतरवलं. त्यातून व्हायरस शिरला आणि बघता बघता रिपोर्टच्या फायली उघडेनाशा झाल्या.

तिने घाबरून नेटची वायर उपटली. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहता आलं असतं. पण चार वाजता एका बाईंना कॅन्सरचा रिपोर्ट द्यायचा होता.

ती लॅबच्या प्रमुख कीर्तने डॉक्टरांच्या दारात गेली. "मॅडम, माझ्या हातून कॉम्प्युटर बिघडला."

मॅडमनी आपला लॅपटॉप उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "कालपर्यंतच्या फायली माझ्याकडे आहेत. आजचे रिपोर्ट दोघी पुन्हा करू. ये, बस."

त्यांनी तो लॅपटॉप पुढे सरकवला. हाही बिघडेल या भीतीने वृंदाचे हात मात्र कीबोर्डवर टेकेनात.