खरखर

"काका, आयुष्यभर रडारवर काम केलंत आणि घरातल्या फोनची खरखर नाही घालवता आली?"

भाची केतकी ओट्यावर चढून बसली होती. फळीवरचा कॉर्डलेस फोनचा बेस तिनं खाली घेतला आणि बाहीनं पुसला. दत्ताराव दारातच उभे होते. हातातल्या पिशवीतली गांधी बाजारची शेवंती तशीच होती.

"चालतंय की," ते म्हणाले. "जुना सेट आहे. राहू दे."

"काय चालतंय? दर गुरुवारी शंतनूचा फोन येतो आणि मावशीला अर्धं ऐकू येत नाही. मला तर साधा मेसेजही करत नाही, शहाणा! आणि हा बघा, राउटरला चिकटून. दोघं सारख्याच लहरींवर बोलतात, मग गर्दी होणारच. इथं आणला कोणी?"

"मीच," देवघरातून सुनंदाबाई म्हणाल्या. त्या वाती वळत होत्या. "फोन येतो तेव्हा हात कामात असतात. हॉलपर्यंत धावत जावं लागायचं."

"पण शंतनूनं तो मुद्दाम हॉलमध्ये ठेवला होता ना?"

"हो, ओरडायचा. आई, आत नेऊ नकोस, खरखरतो. विसरले बघ मी."

शंतनू जहाजावर लागला त्या वर्षी सुनंदाबाईंनी गुरुवार धरले. दिवेलागणीला लेकाचा फोन यायचा, त्याचा आवाज कानावर पडला की मगच उपास सोडायचा. चार वर्षं व्रत निर्विघ्न चाललं. मग मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं. ते दत्तारावांनी घेतलं, त्यांनीच वाचलं. वादळात समुद्रात पडला. शोध थांबवला आहे. पत्र घडी घालून त्यांनी ऑफिसच्या जुन्या कागदांत ठेवलं. हिला कसं सांगायचं ते ठरवू, मग सांगू.

त्या गुरुवारी फोन आला नाही. शुक्रवारी सुनंदाबाईंनी नुसतं पाणी घेतलं. शनिवारी त्या ओट्यापाशी कोसळल्या.

त्या संध्याकाळी दत्ताराव वर शंतनूच्या खोलीत गेले. सेटचा दुसरा हँडसेट तिथं होता. तोंडावर पंचा धरून त्यांनी इंटरकॉमचं बटण दाबलं. "आई, जेवून घे." खाली ताट वाजलं, तेव्हा त्याच पंचात तोंड खुपसून ते रडले.

दुसऱ्याच दिवशी सुनंदाबाईंनी बेस उचलून राउटरशेजारी नेला. खरखर सुरू झाली. दत्तारावांना कारण एका नजरेत कळलं होतं. देवानंच लाज राखली म्हणायचं आणि गप्प बसायचं, असं त्यांनी ठरवलं.

आणि आज गुरुवार होता, आणि ही पोरगी देवाचं काम मोडायला बसली होती.

बेस हॉलमध्ये गेला. खिडकीजवळच्या तिपाईवर, राउटरपासून दहा पावलं, सिंकच्या ओलीपासून लांब. "हे काय, साधे सेल? चार्जिंगला लावून फुटले म्हणजे? यात चार्जिंगचेच घालायचे." तिनं नवे सेल घातले. अडॅप्टर दुसऱ्याच कशाचा तरी होता, तो काढून या सेटचा शोधून लावला. तिचं सगळं बरोबर होतं. एकेका गोष्टीसरशी दत्तारावांच्या पायाखालची एकेक फरशी निघत होती.

"आणि मावशी, मायक्रोवेव्ह चालू असेल तर त्याच्याजवळ उभी राहून बोलू नकोस. राउटर परवडला, इतकी खरखर होते."

"मी कशाला लावतेय? शंतनूनं आणला तसा झाकून ठेवलाय. त्यातलं देवाला चालत नाही, मग मला कुठलं चालायला!"

त्याच्यावरचं क्रोशाचं झाकण खरंच तीन वर्षांत हललं नव्हतं.

केतकीनं वर जाऊन तिथल्या हँडसेटवरून खाली फोन लावला. खाली घंटी वाजली, दोन तुटक ठोके, पुन्हा दोन. मावशीशी दोन शब्द बोलून ती खाली आली.

"ऐकलीस? घरातल्या घरात केला की अशी तुटक वाजते. बाहेरून आला की सलग."

इतके गुरुवार खाली अशीच तुटक घंटी वाजत होती, हे दत्तारावांना आत्ता कळलं.

"असेल बाई," सुनंदाबाई वाती मोजत म्हणाल्या. "मला मेल्या सगळ्या सारख्याच."

"आणि माझा आवाज?"

"स्वच्छ. शेजारी बसून बोलल्यासारखा."

"सरी, झालं काम! आज लेकाशी पोटभर बोल." केतकी चपला घालून गेलीसुद्धा.

सात वाजत आले. दत्ताराव बायकोसमोर येऊन बसले. मेपासून तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. आजच सांगावं. तिला फोनमधून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळू दे.

"सुनंदा..."

"दिवेलागण झाली," ती म्हणाली. "वर दिवा लावून या ना. त्याची खोली अंधारी नको."

दर गुरुवारी ती असंच म्हणे. ते उठले.

वर त्यांनी दिवा लावला. पंचा घेतला. आज ओळखेल. ओळखू दे. मग काय होईल ते होऊ दे. त्यांनी बटण दाबलं. दोन तुटक ठोके, पुन्हा दोन. फोन उचलला गेला.

आणि कानात खरखर कोसळली. नेहमीपेक्षा दुप्पट, पत्र्यावर वाळू ओतावी तशी.

"आई," ते कसेबसे म्हणाले, "जेवून घे."

"हो रे राजा."

ते खाली आले. स्वयंपाकघरात दोन ताटं वाढलेली होती. वरणभातावर तूप पडलं होतं.

"झाला का फोन?" त्यांनी नजर चुकवत विचारलं.

"झाला. खरखर होती, पण जेव म्हणाला तेवढं कळलं." तिनं त्यांच्यापुढे पाट सरकवला. "बसा. तुम्हीही सकाळपासून उपाशी आहात. आणि तो बेस उद्या परत आत आणा. तिथंच बरा होता."

दत्तारावांनी मान वर केली. क्रोशाचं झाकण घडी करून ओट्यावर ठेवलं होतं, आणि मायक्रोवेव्हच्या पिवळ्या उजेडात पाण्यानं भरलेला एक काचेचा पेला अजून गोल गोल फिरत होता.