आटोपशीर

मागच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये ओंकारच्या घरातली घंटी वाजली, तेव्हाच साहेबांनी त्याला बजावलं होतं, "घरून जमत नसेल तर पुण्याला परत या." पण लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं, तात्यांचं, करायला गावी, देवळाली प्रवरात, दुसरं कुणी नव्हतं. मग त्यानं टेबलावरचा सगळा पसारा आवरला, वायरी बांधल्या आणि शेवटी तात्यांच्या उशाजवळची बैलाची घंटी उचलली. पाणी हवं असलं की तात्या तीच वाजवायचे. ती हातात धरून तो नुसताच उभा राहिला.

तात्याच म्हणाले, "ठेव तिला ड्रॉवरात. न्हाई वाजवीत आता मी."

आज साहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या टेबलाचं कौतुक केलं. "ओंकार, यांना जरा सांगा, इतकं आटोपशीर कसं ठेवता?"

"सोपं आहे, सर," ओंकार कॅमेऱ्याकडं बघत म्हणाला. "लागेल तेवढंच वर ठेवायचं. बाकी सगळं ड्रॉवरमध्ये."

लॅपटॉपच्या पलीकडं, कॅमेऱ्यात न येणाऱ्या खाटेवर, तात्यांचा रिकामा हात घंटी वाजवल्यासारखा हलत होता.