घर स्वच्छ ठेवावे

"रक्तातलं शिसं वाढलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी बावीस होतं, आता एकतीस. आणि तुमच्या घराच्या तपासणीत म्हणे काहीच सापडलं नाही."

चार वर्षांची पोर आईच्या मांडीवर बसून हातावरचा कापूस दाबत होती. आईला आकडे कळले नाहीत, पण बाईंचा चेहरा कळला.

सरकारी इस्पितळातला हा विभाग म्हणजे एक खोली, एक डॉक्टरबाई आणि एक कारकून. रंगातलं, पाण्यातलं, धुरातलं विष अंगात भिनलेली जिल्ह्याभरातली मुलं याच दाराशी येत. घरं तपासायला माणूस एकच. त्याने ओल्या कापडाने खिडकी, दार आणि जमीन पुसायची. कापडावर शिसं निघालं, तर घरमालकाला जुना रंग खरवडून काढावाच लागतो. नाही निघालं, तर फाइल बंद आणि मालक मोकळा.

"खिडकीच्या रंगाचे पोपडे पडतात, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"पडतात की. ही उचलून चघळते. गोड लागतात म्हणते."

"मग तपासणीच्या दिवशी कुठे गेले?"

"साहेब येणार म्हणून तीन दिवस घर घासत होते, बाई. खिडकी तर चार वेळा पुसली."

कारकून फिस्सकन हसला. "घ्या. स्वतःच्या हातानं पुरावा पुसला आणि आता आपल्या नावानं रडायला आल्या."

आईने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "तुमचंच पत्र आहे. शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं."

बाईंनी वाचलं. खाली शिक्का होता, सही होती, आणि त्यावर ठळक ओळ: तपासणीच्या दिवशी घर स्वच्छ ठेवावे.

"हे कुणी लिहिलं?"

"छापीलच आहे ते," कारकून म्हणाला. "डासांच्या तपासणीला जातं तेच. वीस वर्षं हेच जातंय."

"घाण ठेवा म्हणाला असतात, तर तशी ठेवली असती," आई हळूच म्हणाली.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं. किती आयांनी असंच मन लावून घर घासलं असेल, आणि किती फाइली बंद करून आपण त्यांच्यावर सही केली असेल.

"पुन्हा तपासणी कधी होईल?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"रांग अकरा महिन्यांची आहे. तीही फाइल उघडली तर. आणि फाइल उघडायला घरातल्या धुळीचा नवा नमुना लागतो."

सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं लोक उगाच म्हणतात. इथे सहा महिन्यांत काम झालं असतं तर पेढे वाटले असते.

बाई आईकडे वळल्या. "खिडकी कशानं पुसलीत?"

"हिच्या जुन्या फ्रॉकनं."

"कुठे आहे तो? टाकला?"

"टाकेन कशाला? चांगला सुती होता. नळाला पाणी नव्हतं, म्हणून नुसता झटकला, वाळवला आणि हिच्या उशीत भरला."

पोरीने कापूस खाली टाकला आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं. बाईंनी कोरा अर्ज ओढला.

"आज हिला त्या उशीवर झोपवू नका. उशी आहे तशी पिशवीत बांधा आणि उद्या सकाळी घेऊन या."

"बाई, असं चालत नाही," कारकून म्हणाला. "खिडकी, दार, जमीन. तीनच रकाने आहेत."

बाईंनी पट्टी घेतली आणि चौथा रकाना आखला. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. त्यात त्यांनी लिहिलं, उशी.

आई पोरीला कडेवर घेऊन उठली. दाराशी जाऊन थबकली.

"बाई, अभ्रा तेवढा धुऊन आणू का? फार मळलाय."