खालच्या कप्प्यातली खोली

"तुझा प्रबंध थांबेल ताई, शेवाळ थांबत नाही," असे सांगून धाकट्या भावाने खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी माझ्या गळ्यात मारली आणि तो दूरदेशी निघून गेला.

टाकीखाली काचेचा एक कप्पा आहे. वरच्या पाण्यातली घाण शोषून घ्यावी म्हणून त्यात दिव्याखाली समुद्रशेवाळ वाढवायचे आणि माजले की कापायचे. विद्वत्तेचा याहून उचित उपयोग आमच्या घराण्याला आजवर सुचलेला नाही.

आज माझी सुटका करायला भावजय येणार होती. मी बॅग भरली आणि शेवटची कापणी केली. हिरवा गुंता दूर होताच कप्प्याच्या मागच्या काचेत खोलीचे प्रतिबिंब उमटले: पुस्तके, खुर्ची, बॅग, मी. माझ्या पाठीमागे मात्र सलग भिंत होती. दार नव्हते.

काच खोटे बोलते, असे मी स्वतःला बजावले. वळून पाहणे तेवढे शहाणपणाने टाळले.

इतक्यात बाहेर पावले वाजली. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. मग भिंतीवरून तळहात फिरत गेल्याचा आवाज आला.

"वन्सं," भावजय पलीकडून हसत म्हणाली, "दार कुठे लपवलंत?"

तळहात पुन्हा एकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. हसणे थांबले.

"वन्सं, अहो, दार कुठंय?"