पिवळा दिवा

व्हेनेझुएलातल्या माराकाइबोत वीज सारखी जायची, म्हणून युलेसीने नव्या कॉम्प्युटरला फ्रिजचा स्टॅबिलायझर लावला. सुटे भाग नवऱ्याने पनामाहून पाठवलेले, जुळवले दिराने, एडिक्सनने. दुपारी नोकरीची ऑनलाइन परीक्षा, आणि कॉम्प्युटर चालूच होईना. तिने पुन्हापुन्हा प्लग काढून लावला, बटण दाबलं. ढिम्म. "भाऊजी, आतलं काही विकलंत का हो?" "भावाच्या घरात चोरी करीन, वहिनी?" "मग बॅग दाखवा." त्याने बॅग टेबलावर उलटी केली. पकड, स्क्रू, मक्याची अर्धी अरेपा, तिच्या बाळासाठी खुळखुळा. ती कप्पेसुद्धा चाचपत राहिली. तेवढा वेळ प्लगला कोणी हात लावला नाही. टक् आवाज झाला. स्टॅबिलायझरचा पिवळा दिवा हिरवा झाला. दर वेळी प्लग लावल्यावर स्टॅबिलायझर काही मिनिटं वीज अडवतो, हे फ्रिजपाशी तीच सासूला बजावायची. "दाबा आता, वहिनी," एडिक्सन म्हणाला. तिचं बोट बटणाकडे जाईना.