भिंतीपलीकडचा कान

"अक्का, तुमच्या शेडमध्ये मानमोडीचा रोग शिरलाय," धाकटी जाऊ रेवती भिंतीपलीकडून वैजयंताला म्हणाली. "आमच्या 'काना'ला ऐकू आलंय."

रेवतीच्या पोल्ट्रीत टांगलेलं ते यंत्र कोंबड्यांच्या श्वासातली घरघर अगदी भिंतीपलीकडूनही ऐकायचं आणि लक्षणं दिसायच्या आधीच रोग ओळखायचं. आता ते गावात सगळ्यांकडे होतं, फक्त वैजयंताकडे नव्हतं. कारण पहिल्यांदा ते रेवतीने आणलं होतं, आणि तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं.

"माझ्या कोंबड्या ठणठणीत आहेत," वैजयंता फणकारली. "तुला माझं बरं बघवत नाही, तुझ्या यंत्रालाही नाही."

"निदान चांगल्या कोंबड्या वेगळ्या काढून लस तरी द्या."

तिने दिली नाही. आठवडा सरायच्या आत कोंबड्या हिरवट हगू लागल्या, माना पिळवटून कोसळू लागल्या. पलीकडे रेवतीच्या कोंबड्यांचा कलकलाट चालूच होता. वैजयंताला तो सोसवेना. हिचंच सगळं नेहमी नीट कसं? मेलेल्या कोंबड्यांमधून ती तशीच निघाली आणि घाणीने बरबटलेल्या पायांनी रेवतीच्या शेडच्या दारात उभी राहिली. एक पाऊल आत टाकलं की झालं असतं.

तिला पाहताच रेवती हातातलं खाद्य टाकून धावत आली. "अक्का, सगळ्याच गेल्या का हो?" तिचे डोळे भरले होते.

वैजयंता दचकून मागे सरली.

"लांब राहा!" ती ओरडली. "माझ्या पायांना रोग लागलाय. तोच तुला द्यायला आले होते."

रेवती थबकली. तिने त्या पायांकडे पाहिलं. मग औषधाच्या पाण्याची बादली पुढे सरकवून म्हणाली, "आधी यात पाय बुडवा. बोलायचं ते नंतर बोलू."